सासऱ्यांची पिचकारी

माझ्या लग्नाला वर्ष झालं, त्या कार्तिकात सासू-सासरे पहिल्यांदा माझ्या माहेरी, निर्मळला राहायला आले. यात्रेचं निमित्त होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माहेर वाडीवाल्यांचं, म्हणजे केळी, पानवेली, भाजीपाला. सासर खाडीकाठचं, तिथे भातशेती आणि एक लाकडी होडी. सासऱ्यांना घरातले सगळे बाबाच म्हणायचे, मीही म्हणायची. वय साठीच्या आसपास, अंगाने सडसडीत, बोलणं कमी. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मला ते नीट कळलेच नव्हते.

दुपारी जेवणं झाल्यावर माझे वडील त्यांना वाडी दाखवायला घेऊन गेले. मी चहा घेऊन मागोमाग गेले. विहिरीवर आमचा रॉकेलवर चालणारा पंप सुरू होता आणि कॅनव्हासच्या पाइपातून पानवेलींच्या पाटात पाणी पडत होतं. तेवढ्यात पाइपाच्या तोंडावर ठेवलेला दगड निसटला. पाइप उसळला, इकडे-तिकडे फटकारे मारायला लागला आणि वडिलांचं धोतर, माझा चहा, सगळं भिजवून टाकलं. वडील पंप बंद करायला धावले. बाबा मात्र पुढे झाले आणि त्यांनी पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. पाइपाने त्यांना दोन पावलं मागे ढकललं. त्यांनी पाय रोवले. पुन्हा ढकललं. मग ते मुद्दाम पाय सैल सोडून उभे राहिले आणि पाइप नेईल तसे मागे जाऊ लागले.

"व्याही, सोडा तो! भिजलात की हो," वडील ओरडले.

"थांबा, थांबा. बंद नका करू," बाबा म्हणाले. त्यांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला. धार बारीक झाली, लांब गेली आणि ते आणखी जोरात मागे सरकले. मान वळवून त्यांनी मला विचारलं, "सूनबाय, तू शालेत शिकवतंस. हा मला मागं का ढकलतो?"

मी सासरच्या गावाजवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. नववीच्या पुस्तकातला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम त्या सकाळीच कुणी विचारला असता तर घडाघडा म्हणून दाखवला असता. "पाणी पुढे जातं ना बाबा, म्हणून तुम्ही मागे," एवढंच मला तेव्हा सुचलं.

"मंग मी होडीत असतो तं?"

वडिलांना वाटलं, व्याह्यांना थंडी वाजून येणार. त्यांनी पंप बंद केला. बाबा चिखलात उभे होते, सदरा अंगाला चिकटलेला, आणि पाइप हातात घेऊन त्याच्या तोंडात डोकावून बघत होते.

त्यांच्या प्रश्नामागे काय होतं ते मला सासरी परतल्यावर कळलं. आमच्या खाडीत इंजिनाच्या होड्या येऊ लागल्या होत्या, पण त्या भरतीलाच चालायच्या. ओहोटी लागली की खाडीचा अर्धा भाग चिखल होतो आणि उरलेल्या पाण्यात ठिकठिकाणी खुंटांना मासेमारीची जाळी बांधलेली असतात. होडीखाली फिरणारा पंखा एक तर गाळात रुतायचा, नाही तर जाळ्यात गुंडाळायचा. पंखा मोडला म्हणून होडी ओढत आणणारी माणसं मीही पाहिली होती. बाबांनी म्हणूनच इंजिन घेतलं नव्हतं. लांब बांबूने रेटत ते होडी चालवायचे. समोरच्या बेटावर आमची थोडी शेती होती, तिथे जायला-यायला हाच मार्ग. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा खांदा दुखत होता. ते कुणाला सांगत नसत, पण सासूबाई रात्री तेल चोळायच्या ते मला दिसायचं.

पंख्याशिवाय होडी चालेल, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात शिरलं, ते निघालंच नाही.

योग असा की आमच्या निर्मळच्या वाडीत त्याच हिवाळ्यात विजेची मोटर बसली आणि तो जुना पंप रिकामा पडला. बाबांनी तो मागितला. वडिलांनी आनंदाने दिला, वर माझ्या आईला म्हणाले, "व्याह्यांनी भाजीचा मळा करायचं मनावर घेतलेलं दिसतंय." पंप बैलगाडीतून आला, त्याच्याबरोबर केळीचा एक घड आला आणि दुसऱ्या दिवशी गिरीजहून मिस्त्री आले.

हे मिस्त्री वाड्यांवरचे पंप दुरुस्त करायचे. ख्रिस्ती होते, गळ्यात बारीक क्रूस, कानावर पेन्सिल. आमच्याशी चांगलं मराठी बोलायचे, पण पाना हातातून निसटला की त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटायचे आणि मग लगेच आकाशाकडे बघून माफी मागायचे. बाबांनी त्यांना अंगणात बसवलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून सगळी कल्पना सांगितली. पंप होडीत ठेवायचा. खाडीचं पाणी एका पाइपाने आत ओढायचं आणि दुसऱ्या पाइपाने मागे फेकायचं. होडी पुढे.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली आणि म्हणाले, "पंप पाणी देण्यासाठी असतो, बाबा."

"मंग देऊ दे की. खाडीला देऊ दे."

मिस्त्रींना हसू आलं. ते हसले तेव्हाच काम त्यांनी घेतलं, असं मला वाटतं.

पहिल्या दिवशी त्यांनी पाणी ओढायचा पाइप होडीच्या कडेवरून बाहेर सोडला आणि पाणी फेकायचा पाइप मागच्या फळीवर सुतळीने आवळून बांधला. संध्याकाळची भरती होती. धक्क्यावर अर्धं गाव जमलं. पंपाची दोरी ओढायची, तो पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा, अशी रीत होती. बाबांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. सहाव्या-सातव्या ओढीला पंप एकदा खोकला. धक्क्यावर कुणीतरी म्हणालं, "आला, आला, श्वास आला!" दहाव्याला तो सुरू झाला, मागच्या पाइपातून आधी बुडबुडे, मग गढूळ पाणी आणि मग जाडजूड धार निघाली. होडी हलली.

हलली, आणि वळली. पाइप मध्यावर नव्हता, डावीकडे चार बोटं सरकला होता. होडी धक्क्यासमोर गोल फिरायला लागली. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. बाबा बांबूने तिला सरळ करू बघत होते, मिस्त्री सुतळी सोडवत होते, धार उडून धक्क्यावरच्या माणसांना भिजवत होती आणि लोक पोट धरून हसत होते.

"पिचकारी!" कुणीतरी ओरडलं. त्या होडीचं नाव तेव्हापासून पिचकारीच पडलं.

मी शरमेने मागे सरकून उभी राहिले होते. सासूबाई तर घरीच निघून गेल्या. बाबा धक्क्याला लागले, ओलेचिंब, आणि मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाले, "फिरली तं खरी. बांबूला हात न लावता फिरली." त्यांचे डोळे चमकत होते. लोकांचं हसणं त्यांना ऐकू आलं नव्हतं असं नाही, पण त्यांच्या दृष्टीने ती संध्याकाळ यशस्वी झाली होती.

आणि ते गोल फिरणंच त्यांच्या कामी आलं. पाइप बाजूला सरकला की होडी वळते, म्हणजे पाइप हलता ठेवला तर वेगळं सुकाणू कशाला? मिस्त्रींनी पाइपाच्या शेवटी ट्रकच्या ट्यूबचा एक तुकडा घट्ट आवळला, त्याला लाकडी मूठ लावली. मूठ इकडे केली की धार तिकडे आणि होडी वळायची. इतकं साधं होतं ते की बघणाऱ्याला वाटावं, हे कुणालाही सुचलं असतं.

दुसऱ्या फेरीला रविवार होता. बाबा मला म्हणाले, "तुज्याकडं घड्याल हाय. चल." मी साडी खोचून होडीत बसले. धक्क्यापासून जाळ्यांच्या पहिल्या खुंटांपर्यंत किती वेळ लागतो ते बघायचं होतं. निम्म्या वाटेत इंजिनाचा आवाज अचानक चढला, धार बंद झाली आणि होडी ओहोटीबरोबर भलतीकडे निघाली. बाहेर सोडलेल्या पाइपाला पाण्यातल्या एका जुन्या दोराने धरलं होतं आणि त्याच्या तोंडावरची कचरा अडवणारी जाळी तिवराच्या झाडांच्या पानांनी गच्च भरली होती. बाबांनी इंजिन बंद केलं, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून पानं काढली. पुन्हा सुरू करताना घाईने रॉकेलवर घेतलं, तर पंपाने पांढरा धूर सोडला आणि मान टाकली. प्लग काढून पुसायला माझा रुमाल गेला. एक तासाने बांबूने रेटत आम्ही परत आलो. मी म्हणाले, "बाबा, वेळ काय लिहू?"

"आज येल नको लिहू. आज पंपानं आपल्याला काय सांगितलं ते लिही."

त्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. बाहेर लोंबणारा पाइप चालणार नाही. जाळी मोठी हवी. आणि इंजिनाला तापायला पुरता वेळ द्यायचा, आपल्या घाईने त्याला काही फरक पडत नाही.

यातली पहिली गोष्ट दुरुस्त करायची म्हणजे होडीच्या तळाला भोक पाडायचं. ते ऐकल्यावर सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "चांगल्या होडीला भोक? माज्या सासऱ्यांची होडी ती! बुडायचंच हाय तं हिरीत जा, लांब कशाला?" बाबा अंगणात खाली मान घालून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, त्यात एक नारळाची करवंटी तरंगत ठेवली, करवंटीच्या बुडाला भोक पाडून त्यात उभी नळी बसवली, कडेने मेण लावलं. नळीत पाणी चढलं, करवंटीत थेंबही आला नाही. सासूबाईंनी ती करवंटी बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाल्या, "मेन नीट लावा म्हनजे जालं." परवानगी मिळाली.

भोक पडलं. त्यात लोखंडी नळी बसली, खाली तळाला चिकटून पितळी जाळीची पाटीएवढी उथळ टोपली आली. आता जाळी भरली तर होडीतूनच नळीत काठी घालून ती मोकळी करता यायची. पाणी बाहेर फेकायच्या तोंडाचा प्रश्न मात्र बरेच दिवस चालला. वाडीत अंगठ्याने धार दाबली होती ती बाबा विसरले नव्हते. वसईच्या बाजारातल्या एका तांबटाकडून त्यांनी तांब्याची निमुळती तोटी करून आणली, पुढे अरुंद, मागे रुंद. खुंटांपर्यंत आधी बावीस मिनिटं लागायची, त्या तोटीने सतरा लागली. बाबांना वाटलं, आणखी अरुंद केली तर आणखी पळेल. दुसरी तोटी केली. एकोणीस मिनिटं. इंजिन बिचारं धापा टाकत होतं आणि पाणीच कमी निघत होतं. तिसरी त्या दोघींच्या मधली. साडेपंधरा.

माणूस भराभर चालेल तेवढाच तो वेग, त्याहून जास्त नाही. पण तो गुडघाभर पाण्यात होता. खाली पंखा नव्हता, मोडायला काही नव्हतं. जाळ्याच्या दोरावरून होडी अलगद सरकून जायची. मी फळ्यावर शिकवलेला नियम त्या होडीत माझ्या पायांखाली थरथरत होता आणि तो शोधणारा माणूस चौथीच्या पुढे शाळेत गेलेला नव्हता. माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा संकोच कुठे गेला कळलं नाही. मी रविवारची वाट बघायला लागले. मूठ धरायला त्यांनी मला शिकवलं. "ढकलू नको तिला," म्हणायचे, "नुसतं सांग."

प्रत्येक फेरीनंतर ते पंपातून विहिरीचं गोडं पाणी फिरवायचे. खारं पाणी लोखंड खातं हे त्यांना ठाऊक होतं. चार हंडे पाणी, रोज. होडीला भोक नको म्हणणाऱ्या सासूबाईच ते हंडे भरून ठेवू लागल्या.

मार्च आला. समोरच्या बेटावरून चार मुली आमच्या हायस्कुलात यायच्या. बेटावर सातवीपर्यंतच शाळा होती. त्या गावातून दहावीला बसणाऱ्या या पहिल्याच मुली. तीन वर्षं त्या बेटावरच्या होडीने ये-जा करत होत्या, भरती-ओहोटी बघून कधी पहाटे निघत, कधी संध्याकाळी उशिरा पोचत. परीक्षेचं केंद्र आमच्याच बाजूला होतं, धक्क्यापासून चालत अर्धा तास. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट येते, त्या हिशेबाने बाबांनी आधीच सगळ्या पेपरांच्या दिवसांचं पाणी काढून दिलं होतं. बीजगणिताच्या दिवशी चतुर्थी होती. "तीनला भरती, नवाला पुरी ओहोटी," ते म्हणाले. "पोरींना सांग, सहाच्या आत निघा. मागनं पानी नाय."

मुली वेळेवर बेटाच्या धक्क्यावर आल्या होत्या. पण बेटावरची ती होडी सगळ्या गावाची. दूधवाले आले, भाजीच्या पाट्या आल्या, एका घरची पाहुणेमंडळी आली, आणि निघता निघता साडेसहा वाजून गेले. उशीर भरून काढायला नावाड्याने खाडीच्या मधल्या उंचवट्यावरून आडवी वाट घेतली. होडी जड होती. पाणी झपाट्याने उतरत होतं. ती मधोमध चिखलावर बसली आणि हलायलाच तयार होईना.

मी साडेसातला आमच्या धक्क्यावर उभी होते, मुलींना केंद्रावर पोचवायला. लांबवर ती होडी एका कुशीवर कललेली दिसत होती. पेपर अकराला. तिथे पुन्हा पाणी येणार बारानंतर. चालत येणं शक्य नव्हतं, आमच्या खाडीचा चिखल माणसाला कंबरेपर्यंत घेतो. मी घराकडे पळाले. बाबा अंगणात दात घासत होते. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी चूळ भरली, आकाशाकडे नाही, खाडीकडे बघितलं आणि विचारलं, "त्यांच्या होडीपासून पान्याची वाट किती लांब?"

"मला सांगता येत नाही, बाबा. चाळीस-पन्नास पावलं असेल."

"तू चल. तू हलकी हायस आनि मूठ तुला येते. मी पुढं बांबू घेऊन बसतो."

सासूबाईंनी रॉकेलचा डबा आणून दिला.

पंप त्या दिवशी दुसऱ्या ओढीला सुरू झाला. तरीही बाबांनी त्याला तापायला पुरता वेळ दिला. मी घड्याळ बघत होते आणि ते इंजिनावर तळवा ठेवून शांत उभे होते. मग त्यांनी कॉक फिरवला. निघालो.

उंचवट्याच्या कडेने पाण्याची एक चिंचोळी वाट उरली होती. बाबा पुढे बसून बांबूने खोली बघत होते आणि हाताने दाखवत होते, डावीकडे, थोडं उजवीकडे. मी मूठ धरून होते. मागे बघितलं तर धारेचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं, पंप पाण्याबरोबर गाळही ओढत होता. मधे दोनदा आवाज चढला. दोन्ही वेळा बाबा मागे आले, नळीतून काठी घालून जाळी मोकळी केली आणि पुन्हा पुढे गेले. एका शब्दाने घाई दाखवली नाही. अडकलेल्या होडीच्या समोर आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मधे चिखल होता, चाळीसएक पावलं.

"तुमच्या तलाच्या फल्या काढा," बाबांनी त्या होडीवाल्यांना ओरडून सांगितलं. "एकामागं एक टाका. पोरींना त्यावरनं चालवा. मागची उचलून पुढं टाकायची."

पाच-सहा फळ्या निघाल्या. दोन पुरुष चिखलात उतरले, फळ्यांनाच धरून राहिले आणि त्या एकेक करून पुढे सरकवू लागले. मुली निघाल्या, परकर वर खोचलेले, कंपासपेट्या आणि पॅड डोक्यावर. सगळ्यात पुढची मोठमोठ्याने सूत्रं म्हणत होती, भीती वाटू नये म्हणून असेल. तिसरीचा पाय फळीवरून घसरला आणि मांडीपर्यंत आत गेला. तिला वर ओढलं तेव्हा चप्पल आतच राहिली. ती रडायला लागली.

"चपलेशिवाय पेपर लिवता येतो," बाबा म्हणाले. "पेन हाय ना?"

"आहे."

"मंग ये."

सगळ्या होडीत आल्या. आम्ही सहा जण झालो आणि होडी खाली बसली, तळ चिखलाला लागला. पंप फुल्ल चालू, धार चिखल उडवतेय, पण होडी जागची हलेना. बाबांनी सदरा काढला, तो माझ्याकडे टाकला आणि कडेवरून चिखलात उतरले. पोटापर्यंत आत गेले. त्यांचं वजन गेल्यावर होडी बोटभर वर आली. होडीची कड दुखऱ्या खांद्यावर घेऊन त्यांनी रेटलं. "मूठ सरल ठेव. सरल!" ते म्हणाले. मी दोन्ही हातांनी धरली होती. होडी हातभर सरकली. थांबली. पुन्हा हातभर. मग खालचा घासल्याचा आवाज एकदम थांबला आणि ती तरंगली. बाबा कडेला लोंबकळतच होते. मुलींनी त्यांना दंडाला धरून आत ओढून घेतलं. ते काही वेळ पाठीवर पडून राहिले, अंगभर काळा चिखल, छाती वरखाली होत होती. मी घाबरून म्हणाले, "बाबा, बरं आहे ना?"

त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "आवाज ऐकतंस का? बेरिंग जरा बोलते आज."

खोल पाण्यात आल्यावर पिचकारी पळाली. जेवढी पळायची तेवढी. पावणेदहाला आम्ही धक्क्याला लागलो. मुलींचे पाय मांड्यांपर्यंत चिखलाने लडबडलेले. बाबांनी पंप बंद केला नाही. त्यांनी मला मूठ वर उचलायला सांगितली, तोटीची धार धक्क्याच्या पायऱ्यांवर पडू दिली आणि एकेकीला तिच्यापुढे उभं केलं. चौघींनी हात-पाय धुतले. चप्पल हरवलेली मुलगी आता हसत होती. तिला मी माझ्या वहाणा दिल्या आणि अनवाणी केंद्रापर्यंत गेले. पहिली घंटा व्हायला वीस मिनिटं बाकी होती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, अंगणात माणसं जमली असतील, बाबा सांगत असतील. अंगणात कुणी नव्हतं. बाबा आणि मिस्त्री खाली पोतं अंथरून पंप उघडून बसले होते. सासूबाई चौथा हंडा ओतत होत्या. मला बघून बाबांनी फक्त विचारलं, "पेपर कसा होता?"

जूनमध्ये निकाल लागला. तिघी पास झाल्या. चौथी, ती चप्पलवाली, इंग्रजीत गेली. ती बेटावरून मुद्दाम आमच्या घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, इंग्रजीत गेले. बीजगणितात नाही हो! त्यात पंच्याहत्तर आहेत." बाबांनी तिला बसवलं, सासूबाईंनी पोहे दिले. ऑक्टोबरला ती पुन्हा बसली आणि सुटली.

पुढचे तीन मार्च बाबांनी परीक्षेच्या सगळ्या दिवशी होडी बेटाच्या धक्क्यावर नेऊन ठेवली, कुणी बोलावलं नाही तरी. मुलींची संख्या सात झाली, मग अकरा. मुंबईहून एकदा कुणाच्या तरी घरी एक इंजिनिअर पाहुणे आले होते. त्यांनी होडी उलटसुलट बघितली आणि सांगितलं की परदेशात अशा होड्यांना जेट बोट म्हणतात, त्या मोटारीपेक्षा जोरात पळतात. बाबांनी ते लक्ष देऊन ऐकलं. जोरात पळण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. "त्यांची जाली कशी असते?" एवढंच त्यांनी विचारलं. पाहुण्यांना ते सांगता आलं नाही.

गोड्या पाण्याने कितीही धुतला तरी चौथ्या वर्षी पंपाला खाऱ्या पाण्याने गाठलंच. एका सकाळी त्याच्या पोटातून बाजूलाच कारंजं उडालं. मिस्त्रींनी भोकावर बोट ठेवलं, शेजारी दुसरं पडलं. "संपला, बाबा," ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. आठ दिवस त्यांना चैन नव्हती, ते मला दिसत होतं.

पण तोवर बेटावरच्या दोघा भावांनी आपली स्वतःची होडी करायला घेतली होती. वर्षभर ते बाबांकडे येत होते, मापं घेत होते, तिन्ही तोट्या मागून नेल्या होत्या. पावसाळा संपल्यावर ती होडी पाण्यात उतरली. पंप मोठा, डिझेलचा, होडी रुंद आणि चपट्या तळाची. त्यांनी बाबांना आणि मला पहिल्या फेरीला बोलावलं. मी सवयीने घड्याळ लावलं होतं. खुंटांपर्यंत अकरा मिनिटं लागली. मला उगाच वाईट वाटलं. साडेपंधरा मिनिटांचा तो आकडा मला आमच्या घरचा वाटायचा.

बाबांकडे बघितलं तर ते होडीच्या मधोमध गुडघ्यांवर बसले होते. तळाच्या दोन फळ्या त्यांनी उचलून बाजूला ठेवल्या होत्या आणि वाकून आत बघत होते. थोरल्या भावाला त्यांनी हाताने जवळ बोलावलं.

"ही जाली आत-बाहेर सरकते?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. वर ओढायची, झटकायची, परत सोडायची. होडी थांबवावी लागत नाय."

"अरे वा," बाबा म्हणाले. "अरे वा!" आणि त्यांनी जाळीच्या मुठीला हात लावायच्या आधी भावाकडे बघितलं, लावू का असं विचारल्यासारखं. तो हो म्हणाला. बाबांनी जाळी वर ओढली, पाणी निथळू दिलं, पुन्हा खाली सोडली. मग पुन्हा वर ओढली. परत धक्क्याला लागेपर्यंत ते तिथेच बसून होते.